बिनमताच्या माणसांचा आमदार

आमदार आमच्या घरी थालीपीठ खायला आले ते आमच्या मराठी मंडळानं ठेवलेल्या त्यांच्या सत्कारामुळे. सत्कार एवढा लांबला नसता तर ते परस्पर मुंबईला निघून गेले असते आणि आमचा प्रश्न आमच्यापाशीच पडून राहिला असता. म्हणून आता मी त्या सत्काराला नावं ठेवत नाही. तेव्हा मात्र शाळेच्या जिन्यात उभी राहून इतकी करवादले होते की नवरा म्हणाला, अगं हळू, माणसं उतरतायत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दुबईत, करामात राहायचो. नवरा एका बांधकाम कंपनीत इंजिनियर, मी देऱ्यात मालवाहतुकीच्या एका ऑफिसात कामाला, आणि मुलगी एकच, आठवीत. तिच्याशी आम्ही मराठीत बोलायचो आणि ती उत्तरं इंग्रजीत द्यायची. तिला सगळं कळायचं, फक्त तोंड उघडलं की इंग्रजी. साताऱ्याला आईकडे गेले की आई म्हणायची, पोर गोड आहे गं, पण बोलते काय ते कुणीतरी सांगा मला.

दुबईत त्या काळी शाळा चांगल्या होत्या, पुढचं कॉलेज मात्र आपल्या आवाक्यातलं नव्हतं. बारावी झाली की मूल भारतात पाठवायचं हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. घोडं अडायचं दुसरीकडेच. महाराष्ट्रात मेडिकलला नाहीतर इंजिनियरिंगला राज्याच्या जागेवर प्रवेश हवा असेल, तर दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतून झालेल्या हव्यात असा नियम होता. आईबाप साताऱ्यात जन्मले, पुण्यात शिकले, मतदार यादीतनं नाव गेलं तरी रेशनकार्डावर अजून आहे, कशाचा काही उपयोग नाही. मुलानं दहावी दुबईत दिली की मूल परराज्यातलं. मग त्याच्या वाट्याला बाहेरच्यांच्या त्या मूठभर जागा.

म्हणून आमच्याकडे एक रिवाजच पडला होता. आठवी संपली की मूल उचलायचं आणि मामाकडे, मावशीकडे, आजीकडे नेऊन ठेवायचं. बारा-तेरा वर्षं आईच्या हातचं खाल्लेलं पोर एकदम दुसऱ्याच्या घरात. आमच्याच बिल्डिंगमधली एक बाई मुलाबरोबर स्वतःच नाशिकला गेली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं फ्लॅट सोडला आणि देऱ्यात बॅचलरांच्या खोलीत एक खाट घेतली. चाळिशीतला माणूस, दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि माझ्या मुलीला उगाच अभ्यासाचं विचारत बसायचा. मला ते बघवायचं नाही.

मार्चमध्ये आमच्या मुलीची आठवी संपणार होती. पुण्यात माझी धाकटी बहीण होती, मायाळू, मोकळी, स्वतःची दोन मुलं असलेली. ती कधीचीच म्हणत होती, आण तिला, मला दोनाची तीन जड नाहीत. मला पाठवायचं नव्हतं. कारणं विचारू नका, आईला कारणं लागत नाहीत. मला माझी मुलगी माझ्या घरात हवी होती आणि डॉक्टर व्हायचं झालंच तर तो दरवाजाही तिच्यासाठी उघडा हवा होता. दोन्ही एकदम मिळत नव्हतं.

त्या वर्षी कोजागिरीच्या कार्यक्रमाला मंडळानं विधान परिषदेचे एक आमदार बोलावले. शिक्षक मतदारसंघातनं निवडून आलेले. स्वतः वीसएक वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेले, त्यामुळे सगळे त्यांना सरच म्हणत. कुठल्याशा नातेवाइकाच्या लग्नाला दुबईत आले होते, आमच्या अध्यक्षांनी त्यांना गाठलं. मी तेव्हा कार्यकारिणीवर होते. बैठकीत मी सांगितलं, आलेच आहेत तर हा शाळेचा विषय त्यांच्या कानावर घालू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकेकाला आपापले विषय आठवले. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाले सोन्यावरून छळतात. मंडळाला नवी मुंबईत जागा हवी. थेट कोल्हापूरला विमान का नाही. अध्यक्षांनी सगळं लिहून घेतलं आणि निवेदन तयार केलं, चांगलं जाडजूड. शाळेचा विषय त्यात सोन्याच्या खाली आणि कोल्हापूरच्या विमानाच्या वर होता. तो तोंडी मांडायला मला शेवटची पाच मिनिटं दिली होती.

आता आपला कार्यक्रम कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. दीपप्रज्वलन. स्वागतगीत, तेही दोन कडव्यांत आवरलं नाही. प्रास्ताविक. पाहुण्यांचा परिचय, जो पाहुण्यांनासुद्धा नवीन वाटत होता. शाल, श्रीफळ, मोठा पितळी दिवा. पाहुण्यांच्या सौभाग्यवती आल्या नव्हत्या, तरी त्यांच्यासाठी साडी. मग मंडळाच्या माजी अध्यक्षांचा सत्कार, कारण ते समोरच बसले होते आणि चेहरा पाडून बसले होते. सर बिचारे बोलायला उभे राहिले तेव्हा मसाला दूध वाटायला सुरुवात झालेली. ते थोडक्यात बोलून खाली बसले आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. आभार मानणाऱ्या गृहस्थांनी माइकवाल्यापासून दूध आटवणाऱ्या वहिनींपर्यंत कुणाला सोडलं नाही. हॉल शाळेचा होता, ठरल्या वेळेला रिकामा करायचा होता. मलबारी वॉचमन दारात येऊन उभा राहिला, हातानंच सांगितलं, खलास. आणि मागचे दिवे घालवले.

माझी पाच मिनिटं गेली. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. अर्धा हॉल अंधारात, लोक हसत खिदळत दुधाचे पेले शोधतायत, आणि मी तोंडपाठ केलेलं भाषण घेऊन उभी. जिन्यात सर दिसले, एका हातात शाल, दुसऱ्या हातात नारळ, मागे तो दिवा धरून अध्यक्ष. मी सरळ जाऊन पुढ्यात उभी राहिले.

"सर, आम्ही तुम्हाला नारळ दिला, प्रश्न द्यायचा राहिला."

अध्यक्षांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाहुण्यांच्या अंगावर दूध सांडलंय. पण सर थांबले. म्हणाले, उद्या दुपारी माझं विमान आहे, सकाळी सांगाल का? आणि हॉटेलात चार दिवस पाव खाऊन कंटाळलोय, घरी काही भाजलेलं मिळेल का?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे सुट्टी. नवरा त्यांना घेऊन आला. मी भाजणीचं थालीपीठ लावत होते आणि तव्यासमोर उभ्या उभ्याच बोलायला लागले, कारण मला आता कुणाचा भरवसा राहिला नव्हता. सरांनी दोन थालीपिठं होईपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, नियम नेमका काय आहे? कुठल्या पुस्तिकेत आहे? फौजेतल्या माणसांच्या मुलांना त्यातनं सूट आहे का? मी म्हटलं, ते मला माहीत नाही, सगळे असं म्हणतात.

"ताई, सगळे म्हणतात यावर मी सभागृहात उभा राहू? इतकी वर्षं तक्रार करताय, पण नियम वाचलाय का एकानं तरी?"

माझ्याच घरात, माझं थालीपीठ खाऊन. राग आला मला, आणि तो राग येण्याचं कारण असं की माणूस बरोबर बोलत होता. आम्ही सगळे शिकलेले, ऑफिसात इंग्रजी कागदांचे ढीग उपसणारे, आणि ज्या नियमापायी घरं फुटत होती तो कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मामाच्या शेजाऱ्यानं सांगितलं, आपण मान डोलावली.

तेवढ्यात मुलगी झोपेतनं उठून बाहेर आली. सरांनी तिला जवळ बसवलं, शाळेचं विचारलं, आणि मग म्हणाले, तुला डॉक्टर व्हायचंय की इंजिनियर?

"आय डोन्ट नो, अंकल. आय ॲम थर्टीन."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. नवरा ओशाळून पाणी आणायला धावला. सर म्हणाले, हे मात्र सभागृहात सांगण्यासारखं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले की सोन्याचं आणि विमानाचं त्यांच्या अखत्यारीत येत नाही, दिल्लीला सांगायला पाहिजे. हा एक विषय राज्याचा आहे, त्यामुळे हा ते धरतील. पण एक विषय एकट्यानं गेला तरच चालतो, बारा विषयांचं गाठोडं नेलं की कुणी सोडून बघत नाही.

मी त्यांना तोंडावर विचारलं की आम्ही तुमचे मतदार नाही. तुमचे मतदार शिक्षक. आमचं तर नाव कुठल्याच यादीत नाही, आम्ही कुणाला पाडू शकत नाही की निवडून आणू शकत नाही. मग तुम्ही हे कशाला कराल? नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. सर म्हणाले, वर्गात बसायला जागा नसलेलं पोर दिसलं की मला चैन पडत नाही, जुनी खोड आहे. आणि निघताना दारात थांबून बजावलं की माझ्यावर विसंबून मुलीला इथं ठेवू नका. मी जीव तोडून करीन, पण सरकार तुमच्या मुलीच्या परीक्षा बघून चालत नाही.

इतकं सरळ बोलणारा पुढारी मी तोवर पाहिला नव्हता. आणि आम्ही काय केलं, तर त्याच सरळपणामुळे त्यांच्यावर विसंबलो.

मी कामाला लागले. बहिणीनं पुण्यात प्रवेशाची माहितीपुस्तिका मिळवली, मला ती पानं ऑफिसच्या फॅक्सवर पाठवली. नियम खरंच तसाच होता. फौजेतल्या आणि केंद्र सरकारच्या नोकरांच्या मुलांना त्यातनं सवलतही होती. सरांनी आपल्या हातानं लिहून फॅक्स केला की हीच आपली फट, बाहेर राहणं ज्यांच्या नशिबात नोकरीनं आणलं त्यांच्या मुलांना एक न्याय आहे, तर तो या मुलांना का नाही एवढंच विचारायचं. गणिताच्या माणसाचं अक्षर, एक रेघ वाकडी नाही. माझ्या साहेबाला, तो लेबनॉनचा होता, वाटायचं मी पुण्याहून काही माल मागवतेय. मी म्हटलं, इन्शाल्ला येईल.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं. सरांची लक्षवेधी सूचना कामकाजात लागली, म्हणजे मंत्र्यांना त्यावर उभं राहून उत्तर देणं भाग. आम्ही करामात बसून नागपूरच्या बातमीची वाट बघत होतो. ज्या दिवशी सूचना चर्चेला यायची होती त्या दिवशी कापसावरून गदारोळ झाला आणि सभागृह दिवसभरासाठी तहकूब झालं. मग अधिवेशनच संपलं. सरांचा फोन आला, आवाज बसलेला. म्हणाले, बाई— माफ करा, ताई, आता मार्चमध्ये.

घरात आमची भांडणं सुरू झाली. नवरा म्हणायचा थांबू या, माणूस प्रामाणिक आहे, होईल. मी म्हणायचे, नाही झालं तर? मग मी म्हणायचे थांबू या आणि तो म्हणायचा, नाही झालं तर? आम्ही आळीपाळीनं एकमेकांची बाजू घेऊन भांडत होतो. मुलगी दार लावून घ्यायची. एकदा दारातनंच ओरडली की कुणीतरी एक डिसिजन घ्या, प्लीज.

मार्चमध्ये मुंबईच्या अधिवेशनात विषय आला. सर पोटतिडकीनं बोलले म्हणे. मंत्र्यांनी उत्तर दिलं की तपासून पाहू. आम्ही इकडे खूश, नवऱ्यानं जिलबी आणली. सरांनी फोनवर सगळ्या उत्साहावर पाणी ओतलं. त्यांच्या धंद्यातली गोष्ट त्यांनी मला समजावून सांगितली. मंत्री सभागृहात "कार्यवाही करू" म्हणाले की ते आश्वासन धरलं जातं, त्यासाठी आमदारांची वेगळी समिती असते, ती त्या खात्याचा पिच्छा सोडत नाही. "तपासून पाहू" म्हटलं की कुणी कुणाला बांधील नाही. मला अजून त्यांच्याकडनं "करू" वदवून घ्यायचंय, ते म्हणाले. मी विचारलं, त्याला किती वेळ लागेल? म्हणाले, ताई, जून उजाडायच्या आत होणार नाही. मुलीचं बघा.

मुलीचं बघितलं. जूनमध्ये मी तिला पुण्याला नेऊन बहिणीकडे सोडलं, नववीत. ती रडली ते विमानात नाही, शाळेच्या पहिल्या दिवशीही नाही. मी परत निघाले तेव्हा रिक्षाच्या दांडीला धरून रडली. बहिणीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही.

पहिले तीन-चार महिने दर शुक्रवारी फोन, आणि दर फोनला एकच, आई मला घेऊन जा. बहीण वेगळ्या खोलीतनं सांगायची, जेवते गं, पण ताटात बघत जेवते. तिथल्या शाळेत मराठी सक्तीची, हिचं अक्षर पहिलीतल्या मुलाचं. मुली हसायच्या. आमच्या तिकडच्या व्हिसाचा नियम असा की मूल सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर व्हिसा रद्द, म्हणून दिवाळीला एकदा आणि मे महिन्यात एकदा तिला दुबईत आणायचंच. लोक म्हणायचे, व्हिसा जिवंत ठेवायला येते वाटतं. मला ते ऐकून संताप यायचा, पण खरंच होतं. दिवाळीला आली तेव्हा माझ्या कुशीत शिरून झोपायची, आणि जायच्या दिवशी तापली. तापातच नेली.

सरांनी मात्र सोडलं नव्हतं. पुढच्या डिसेंबरात नागपूरला त्यांनी तो विषय परत काढला. या वेळी ते एका मुलीबद्दल बोलले, नाव न घेता, की ती शाळेत जाताना मावशीच्या दारात उभी राहून मागं बघते. हे मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं, रडत रडत, आणि नंतर लाज वाटली होती. मंत्री म्हणाले, कार्यवाही करू. सरांनी लगोलग मला फोन केला आणि काही न बोलता तीन-चार सेकंद नुसते हसले. मला हात जोडावेसे वाटले. मी म्हटलं, सर, तुमच्यासारखा माणूस नाही. तर म्हणाले, अजून कागद निघायचाय, घाई नको.

मग समिती, मग खातं, मग त्या खात्याचे वकील. सर मंत्रालयात त्या एका कागदामागे मजले चढत उतरत राहिले. गुडघे दुखायचे त्यांचे. एकदा त्यांनी बोलता बोलता सांगितलं की पक्षातली माणसं त्यांना हसतात, म्हणतात मास्तर, वर्ष निवडणुकीचं आहे, शिक्षकांच्या पगाराचं बोला, दुबईच्या शेठजींचं काय बोलता? त्यांची मुदत जुलैत संपणार होती. मी त्यांना म्हटलं, सर, मग सोडा हे. मला म्हणायचं नव्हतं ते, पण म्हटलं. ते म्हणाले, आता सोडलं तर तुमची मुलगी काय म्हणेल मला?

मे महिन्यात मुलगी सुट्टीला आली. नववी पास होऊन, बऱ्या मार्कांनी. उंच झाली होती. घरात शिरता शिरता म्हणाली, आई गं, केवढा उकाडा आहे तुमच्याकडे. मराठीत. मी आनंदानं नवऱ्याकडे बघितलं आणि त्यानं माझ्याकडे, आणि मग आम्हा दोघांच्या लक्षात आलं की ती "तुमच्याकडे" म्हणाली. तिच्या इथल्या मैत्रिणींच्या शाळा चालू होत्या, त्यामुळे दिवसभर एसी लावून घरात बसायची, बहिणीच्या मुलांना फोन करायची, आणि दहावीची बीजगणिताची वही काढून गणितं सोडवायची.

ती असतानाच एका सकाळी बहिणीचा फोन आला. पेपरात बातमी होती, चार ओळींची, आतल्या पानावर. नोकरीनिमित्त परदेशात असलेल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना दहावी-बारावीच्या त्या अटीतनं सवलत दिली होती. मी देऱ्याला ऑफिसात पोचले होते. साहेबाला काय सांगितलं आठवत नाही, टॅक्सी केली आणि थेट तिच्या जुन्या शाळेत गेले. प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, दहावी सुरू होऊन महिना झालाय, पण मुलगी हुशार आहे, घेऊ, मात्र या आठवड्यात सांगा. मी जिना धावत उतरले. या वयात, साडीत, धावत.

घरी येऊन तिला सांगितलं. दम लागलेला होता, नीट बोलता येईना. तुला परत जायला नको. दहावी इथं, बारावी इथं, तरी तुला तिथं सगळं मिळेल. झालं काम. सरांनी केलं. वर्षभर ती जे मागत होती ते मी ताटात वाढून दिल्यासारखी उभी होते आणि ती वहीवर पेन धरून माझ्याकडे बघत होती.

"आई, मी जाते परत."

मी म्हटलं, काय?

"मला परत नको हे. इथं राहिले तर बारावीनंतर जायचंच ना? पुन्हा सगळं सोडून? माझं एकदा रडून झालंय. पुन्हा नाही मला रडायचं."

मी भांडले तिच्याशी. खोटं कशाला सांगू, आवाज चढवून भांडले. म्हटलं, अगं तूच म्हणायचीस ना घेऊन जा. ती म्हणाली, हो, तेव्हा म्हणायचे. तू नाही नेलंस. त्यात टोमणा नव्हता, नुसतं झालेलं सांगत होती, आणि म्हणून ते जास्त लागलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. नवरा संध्याकाळी आला, त्याला सांगितलं. तो तिच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसला, बाहेर आला आणि एवढंच म्हणाला की ती बरोबर बोलतेय.

त्याच संध्याकाळी शेजारीण केक घेऊन आली. वसईची, ख्रिश्चन, एका हॉटेलात रिसेप्शनला होती. तिचा मुलगा आमच्या मुलीच्याच वर्गातला. तिनं त्याला पाठवलं नव्हतं. जे होईल ते देवाच्या मनात, म्हणून ठेवून घेतला होता. आता तिचं सगळं सुरळीत. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, ताई, तुम्ही नसतात तर माझा पोर वाया गेला असता, तुमचे पांग कसे फेडू? मी तिचा केक कापला, खाल्ला, छान झालाय म्हटलं. मला तिचा हेवा वाटला, इतका की तिच्याकडे नीट बघवेना. बाई गुणी होती, तिचा यात काडीचा दोष नव्हता. तरी वाटला. बिल्डिंगमधल्या आणखीही दोन-तीन घरांत त्या दिवशी गोडधोड झालं. ज्यांच्यासाठी मी जिन्यात उभी राहून आमदारांना अडवलं ते सगळे सुखी झाले, आणि माझ्या घरात एक मुलगी शांतपणे गणितं सोडवत होती.

शेजारीण गेली आणि फोन वाजला. सर होते. आवाज थकलेला, पण आत कुठंतरी उजेड असल्यासारखा. कळलं ना, म्हणाले. मी म्हटलं, कळलं सर, काय बोलू, शब्द नाहीत. ते सांगत राहिले, कागदावर सही कशी झाली, शेवटच्या दिवशी शिपायानं फाइल कशी स्वतः उचलून दिली. मग म्हणाले की पक्षानं या वेळी दुसऱ्याला उभं केलंय. ठीक आहे, सहा वर्षं झाली, शिक्षकांच्या पगाराचं थोडं झालं, बरंचसं नाही झालं. पण ताई, हे एक काम असं आहे की ज्यात मला माणूस डोळ्यांसमोर दिसत होता. घरी बसल्यावर हे एक आठवेल मला.

आणि मग त्यांनी ते विचारलं. "काय म्हणते आमची मुलगी? राहिली ना आता आईजवळ?"

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर त्या माणसाच्या गुडघ्यांचं, त्या मजल्यांचं काय? मी रिसीव्हर धरून नुसती उभी. पलीकडनं ते हॅलो, हॅलो करत होते, त्यांना वाटलं लाइन गेली. मुलगी केव्हा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिनं माझ्या हातातनं रिसीव्हर घेतला.

"सर, मी बोलतेय. हो, आईजवळच आहे. खूप थँक यू. तुमच्यामुळे झालं सगळं." मग बराच वेळ ती ऐकत होती, मधूनच हसत होती. गणितात किती मार्क पडले ते सांगितलं. तब्येतीची काळजी घ्या म्हणाली, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. मग नमस्कार करते म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तिला विचारलं, काय म्हणाले? खूश झाले, ती म्हणाली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, तिकीट शनिवारचंच राहू दे."